ओढ्याकाठच्या वनभोजन स्थळासाठी पावसाळ्यापूर्वी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि ग्रामस्थ यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या समितीच्या देखरेखीखालील वनभोजन स्थळाकडे जाणारा लाकडी साकव गेल्या पावसाळ्यात वाहून गेला, डोहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचा कठडा एका बाजूने खचला आणि स्वच्छतागृहाचे छप्पर उडाले, हे आपणांस ठाऊक आहेच. ही तिन्ही कामे पाऊस सुरू होण्याआधी पुरी झाली नाहीत, तर ते स्थळ पावसाळाभर बंद ठेवण्यावाचून समितीपुढे दुसरा मार्ग उरणार नाही.

ही जागा आयती मिळालेली नाही. तिथे केवळ गुरांची पायवाट होती त्या काळात समितीचे पहिले अध्यक्ष, आपले सर्वांचे आबा, यांनी स्वतःच्या बैलगाडीतून दगड आणून मोठ्या उंबराभोवती पार बांधला. माणसांच्या सततच्या वावराने झाडाबुडची माती घट्ट होते, पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पारामुळे बुंध्याजवळची माती भुसभुशीत राहिली आणि तो उंबर आजही हिरवागार आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी मिळालेल्या रकमेतून सगळे बाक दिले आणि त्यांवर आपले नाव कोरू देण्यास शेवटपर्यंत नकार दिला. सुतारकाकांनी तर एक पैसाही मजुरी न घेता साकव उभा केला आणि ओल्या फळीवरून मुलांचा पाय घसरू नये म्हणून प्रत्येक फळीवर पटाशीने बारीक खाचा पाडल्या. साकव गेला त्या सकाळी काका काठावर आले, उरलेल्या एकुलत्या खांबावर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले आणि ‘लाकूड चांगलं होतं’ एवढेच बोलून परतले. वय झाले असूनही नव्या साकवाची आखणी त्यांनीच करून दिली आहे. या साऱ्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.

कठड्याच्या कामाला सर्वांत जास्त घाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती. आपला डोह वरून शांत दिसतो. परंतु शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही, आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही ओढ्याचे पाणी बघता बघता चढते. म्हणून कठड्यासोबत काठावर लांब दोर आणि तरंगते कडे कायम टांगून ठेवण्याचे ठरले आहे, कारण बुडणाऱ्यामागे उडी घेणारा स्वतःही सापडतो, तर काठावरून फेकलेला दोर दोघांनाही वाचवतो.

स्वच्छतागृहाची निकडही कमी नाही. रानात शौचाची जागा पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असावी, असा संकेत आहे. मात्र छप्पर नसल्यामुळे येणारी मंडळी आडोसा शोधत ओढ्याकाठीच बसतात आणि तेच पाणी खाली गुरे व माणसे पितात.

एक गोष्ट लिहू नये असे वाटत होते, पण मनात ठेवणेही बरे नव्हे. मागील आवाहनाच्या प्रती आम्ही घरोघर नेऊन दिल्या होत्या, तरी श्रमदानाच्या दिवशी कार्यकारिणीखेरीज मोजकीच चार माणसे आली. त्यानंतरच्या सुट्टीत मात्र पाराभोवती बसायला जागा नव्हती. संध्याकाळी आम्ही झाडलोट करायला गेलो, तेव्हा एका चुलीतली राख वरून थंड दिसत होती, पण काठीने उकरताच खाली लालबुंद निखारा निघाला, आणि हातभर अंतरावर वाळलेल्या पानांचा ढीग होता. काठावरच्या फुटक्या बाटलीची काच त्याच आठवड्यात आमच्या एका सभासदाच्या टाचेत रुतली. जागा सर्वांची आहे, मग तिची काळजी चार-पाच जणांनीच का वाहावी, हा प्रश्न मनाला लागून राहिला आहे.

रोख देणगी कार्यवाहांकडे किंवा कोणत्याही कार्यकारिणी सदस्याकडे द्यावी व पावती अवश्य घ्यावी. सिमेंट, वाळू, लोखंडी नळ्या, पत्रे, जाड दोर, जुने पण न कुजलेले सागवानी वासे अशी वस्तुरूप मदतही चालेल, मात्र साहित्य परस्पर जागेवर न टाकता आधी कळवावे, कारण साकवाअभावी गाडी पलीकडे जात नाही. श्रमदान येत्या प्रत्येक रविवारी सकाळी सात ते अकरा, जमण्याचे ठिकाण उंबराचा पार. घमेले, फावडे, पहार असल्यास आणावी, जाड तळाची पादत्राणे घालावीत, लहान मुलांना डोहाकडे नेऊ नये. ओढ्यापलीकडच्या कड्याला आग्या मोहोळ आहे, त्यामुळे धूर करू नये व उग्र अत्तर लावून येऊ नये. हिशेब काम संपताच फलकावर लावला जाईल. वाशांची कापणी येत्या रविवारीच सुरू करायची असल्याने लाकूड देणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सांगावे. सुतारकाका त्या दिवशी सकाळपासून पारावर थांबणार आहेत.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)