काळा रंग देणाऱ्या मावशींना

मावशी,

तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण बँकॉकमध्ये मला कुणी सांभाळून घेतलं ते माझ्या माणसांना कळायला हवं.

13 ऑक्टोबर 2016 ला थायलंडचे राजे भूमिबोल गेले. मी या देशात अगदीच नवी होते. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरले तर सगळं शहर काळ्या कपड्यांत, टीव्हीवर चित्रंसुद्धा कृष्णधवल. सत्तर वर्षं गादीवर असलेला राजा. तुमच्यापैकी बहुतेकांनी दुसरा पाहिलेलाच नव्हता. माझ्याकडे मात्र काळा म्हणावा असा एक कपडा नव्हता.

मला इथे आणणाऱ्या कंपनीने ‘काळे कपडे घाला’ एवढा मेल टाकून हात झटकले. काळे कपडे बाजारातून गायब झालेले. भाव वाढवू नका म्हणून सरकारला दुकानदारांना दम द्यावा लागला होता. आणि आपले काही देशबांधव! ‘आपला काय संबंध? महिनाभर मजा बंद, बस घरात,’ म्हणाले. ज्यांच्या देशात पोट भरतो त्यांचं घरचं माणूस गेलंय, आणि यांना मजेची पडलेली. त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही गल्लीच्या तोंडाशी मोठाली पातेली चढवली होती. काळं पाणी उकळत होतं, तुम्ही मूठभर मीठ टाकून दांड्याने ढवळत होतात आणि येईल त्याचे कपडे फुकट रंगवून देत होतात. मी संकोचून लांब उभी होते. तुम्हीच हात करून बोलावलंत. पिशवी घेतलीत, एकेक कपडा पाण्यात सोडू लागलात. पिवळा कुडता हातात आला तशा थांबलात. माझ्या आईने शिवलेला तो. मी काही बोलले नव्हते. तुम्ही गळ्याची शिवण बोटाने चाचपलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि घडी घालून तो परत पिशवीत ठेवलात. मग स्वतःच्या छातीवरची काळी फीत काढून माझ्या बाहीला टाचलीत. तुमचे डोळे रडून सुजलेले होते, आणि तरी माझा कुडता खराब होऊ नये एवढं भान तुम्हाला होतं.

इथे प्रत्येक वाराचा एक रंग मानतात; राजे सोमवारी जन्मले म्हणून पिवळा त्यांचा रंग, हे शेजारणीने मला नंतर सांगितलं. त्यासाठी तो वाचवलात, की आईच्या हातची शिवण ओळखलीत? विचारण्याइतकी थाई मला तेव्हा येत नव्हती. त्या काळात काळं न घातलेल्यांना रस्त्यात टोकल्याच्याही बातम्या आल्या. मला कुणी टोकलं नाही. तुमची फीत होती ना बाहीवर! तुमच्यासारखी माणसं स्वतःच्या दुःखातही परक्याला जागा करून देतात, आणि शिकली-सवरलेली, पदावरची माणसं एका मेलवर भागवतात.

पुढच्या वर्षी, 26 ऑक्टोबर 2017 ला, राजांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मीही देवळातल्या रांगेत चंदनफूल वाहायला उभी राहिले. पुढच्या बाईंनी वळून मला रांगेत नीट आत घेतलं. वर्षभरात मी परकी उरले नव्हते, आणि त्याची सुरुवात तुमच्या पातेल्यापाशी झाली.

तेव्हा पैसे देऊ केले तर हात जोडून नाही म्हणालात. हे आभार तरी नाकारू नका.

तुमची,
गल्लीतली भारतीय मुलगी