स्ट्राइक

सोलापूर, रविवार

प्रिय मध्या,

गड्ड्याच्या जत्रेनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या घाल, पण वाचून झाल्यावर. शुगर आटोक्यात आहे, गुडघे आहेत तसेच.

शेडवर संप झालाय बे. आमच्याच. सोमवारपासून माग बंद. टॉवेलच्या नगामागे मजुरी वाढवून मागतायत. महेश म्हणतो, सुताचा भाव बघा, देऊ कुठून? खोटं कुणीच बोलत नाही, हीच पंचाईत. फाटकाशी बसलेल्यांत यल्लप्पाचा धाकटाही आहे. मला बघून सवयीनं उठला, मग बाकीचे बसलेलेच बघून परत बसला. आपले बाप मिलच्या फाटकाशी असेच बसायचे, आपण डबे घेऊन जायचो. आता फाटकाच्या आतली खुर्ची माझी.

त्यात नातीचा इंग्रजीचा गृहपाठ: 'स्ट्राइक' वापरून चार वाक्यं. घड्याळाचे टोले झाले, काडी ओढून झाली, क्रिकेट झालं. (पार्कवर शेवटच्या चेंडूला एक धाव चोरून स्ट्राइक कोण स्वतःकडे ठेवायचं, ते तिला सांगितलं. नाव घेऊन.) चौथ्यासाठी जाडा कोश काढला आणि त्यातच अडकलो. या शब्दाचा जुना अर्थ मारणं नव्हताच. हलका हात फिरवणं, सपाट करणं. 'स्ट्रोक' त्याच्याच घरातला. जहाजाचं शीड खाली घेण्यालाही हेच क्रियापद. 1768 साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली, जहाजं जागची हलू दिली नाहीत. तेव्हापासून काम बंद पाडणं म्हणजे स्ट्राइक. मी हे रंगात येऊन जेवताना सांगितलं, तर महेश म्हणाला, शरण जाताना निशाण उतरवतात त्यालाही स्ट्राइकच म्हणतात ना? पोरगा शिकलाय, करणार काय! पण उतरवणार कोण, ते काही बोलला नाही.

परवा सूतवाले गुजराती शेटजी आले. जाता जाता म्हणाले, "काका, घरमां संप राखजो." हिनं आतून ऐकलं: "शेडवर आहे तेवढा पुरे!" त्यांच्यात संप म्हणजे एकोपा, हे तिला पटवताना माझा चहा गार झाला.

महेशला वाटतं, मी जाऊन समजूत घालावी, माझा शब्द ते मोडणार नाहीत. मलाही तसंच वाटतं, म्हणून तर पाय निघत नाही. मुंबईत 1982 ला तू अडीच लाखांतला एक होतास. तो संप रीतसर मागे घेतलाच नाही, म्हणजे मी अजून संपावरच, असं तूच हसत सांगतोस. तेव्हा मी लिहिलं होतं, सोड ते, इकडे ये, दोन माग टाकू. तू 'शेठजी' म्हणून उलट पोस्टकार्ड धाडलंस. दोन वर्षं बोललो नाही आपण. ते कार्ड आहे माझ्याकडे.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सुनील कॅनडाला पोचला असेल. डोंबिवलीचं घर विकू नकोस.

तर मला एवढंच सांग: पहिल्या बोलण्यात मालकानं आकडा सांगितला तर तुम्ही लोक त्याला काय समजायचात, नरम की लबाड? मंगळवारी सकाळी जायचंय. सोमवारी रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा महेश वरच्या मजल्यावर असतो.

तुझा,
बाळ्या