उद्यमनगरच्या वायरिंगवाल्या मामांना

मामा, तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हीच हात जोडून नको म्हणालात. पण पत्र तुम्हालाच आहे, तुमचा मुलगा वाचून दाखवेलच. त्या दिवशी गडबडीत नुसतं "बरं मामा, येतो" म्हणून निघालो आणि पुण्याला पोचेपर्यंत मनात तेच चाललं होतं की या माणसाला नीट थँक्यू पण म्हटलं नाही आपण.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या बाबांचा एक जुना आयपॉड आहे, क्लासिक, तो गोल चाकाचा. कंपनीनं २०१४ लाच विकायचा बंद केला. बाबांनी गल्लीतल्या भजनी मंडळाच्या कॅसेटा वर्षानुवर्षं भरल्या होत्या, त्या सगळ्या माझ्या भावानं त्यात घालून दिल्या आणि मग कुठल्या अभंगानंतर कुठला, एकादशीला काय, पौर्णिमेला काय, हे सगळं बाबांनी स्वतः बसून लावलं. काही भजनांत मागं त्यांचाच आवाज आहे, मधेच कुणाला तरी "अरे ठेका सोडू नको" म्हणतात ते पण आहे. बाबा गेले. आई मोबाईलला हात लावत नाही पण आयपॉडचं ते चाक अंगठ्यानं बरोबर फिरवते, कुठं काय आहे तिला पाठ आहे. दर पौर्णिमेला तिला नरसोबाच्या वाडीला जायचं असतं, आणि वाटेत तेच ऐकायचं असतं.

नवीन गाडीत मोठी स्क्रीन आहे, कंपनीचीच. ब्लूटूथ आहे, कारप्ले (आयफोन स्क्रीनवर चालवायची सोय) आहे, ऑक्सचं सॉकेट, म्हणजे वायरनं गाणी जोडायचं भोक, मात्र कुठंच नाही. कारप्ले आयफोनशीच बोलतं, आयपॉड क्लासिकला ब्लूटूथच नाही, झालं. शोरूमच्या सर्व्हिसमधल्या पोरानं आयपॉड हातात पण घेतला नाही. "सर हे आउटडेटेड आहे, मॅडमना एक मोबाईल घेऊन द्या." आई शेजारीच उभी होती हो! दुसऱ्या एका अॅक्सेसरीजवाल्यानं तर कंपनीची स्क्रीनच काढून टाका, अँड्रॉइडवाली बसवतो, ऑफर चालू आहे म्हणून गळच घातली, स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा चालेल का विचारलं तर "बघू, करू काहीतरी". अजून एकानं एफएम ट्रान्समीटर गळ्यात मारला, आयपॉडचा आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकवणारा. गावात बरा चालायचा, पण हायवेला लागलं की दुसरं स्टेशन घुसायचं आणि अभंगाच्या मधेच सोन्याच्या दुकानाची जाहिरात. आई काही बोलायची नाही, खिडकीतून बाहेर बघत बसायची. "पेनड्राइव्हवर टाका की साहेब" हे तर प्रत्येकजण म्हणाला, आणि प्रत्येकाला मी सांगत होतो की आयपॉडमधनं तशाच फायली उचलल्या तर नावं चार अक्षरांची काहीतरी विचित्र येतात आणि बाबांनी लावलेला सगळा क्रम जातो. पुरं ऐकून घ्यायला कुणाला वेळच नव्हता.

तुम्ही ऐकून घेतलंत मामा. हातातलं काम बाजूला ठेवलंत, हात पुसलेत, आयपॉड घेतलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "हे लावणार कोण? तुम्ही का मावशी?" मी म्हटलं आईच लावणार. तेव्हा तुम्हीच म्हणालात की एक स्वस्तातला उपाय आहे, ब्लूटूथचं छोटं बटण आयपॉडला लावायचं, पण ते वेगळं चार्ज करायला लागतंय, परत गाडीला जोडायला लागतंय, मावशींना ते कटकटीचं होईल, नको. म्हणजे तुमचं काम पाच मिनिटांत उरकत होतं आणि तुम्हीच ते नको म्हणालात.

मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्ड उघडलात, एक ओरखडा नाही, स्क्रीनच्या मागं बॅटरी लावून बघितलंत आणि म्हणालात, "हे बघा, ऑक्सच्या पिना आहेत की मागं, सॉकेट तेवढं दिलेलं नाही." मला अक्षरशः गहिवरून आलं. जोडाला जोड (कपलरला कपलर) लावलात, कंपनीची एकही वायर कापली नाही. आवाज हेडफोनच्या भोकातनं न घेता खालच्या रुंद पिनमधनं घेतलात, म्हणजे आयपॉड चार्ज पण होतोय आणि आवाज पण स्वच्छ. स्क्रीनवर नुसतं ऑक्स असं येतं, भजनाचं नाव येत नाही, ते तुम्ही आधीच सांगितलंत. आईला त्याचं काही नाही, ती आयपॉडवरच वाचते.

पण मामा, मला जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे.

वायर कुठं बाहेर काढायची हे ठरवायच्या आधी तुम्ही बाकावर बसलेल्या आईला हाक मारलीत. "मावशी, जरा गाडीत बसा बघू." तिला पुढच्या सीटवर बसवलंत, बेल्ट लावायला सांगितलात, आणि म्हणालात, "आता डोळे मिटा. गाणं लावायचंय असं समजा आणि हात पुढं करा." आईचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात फार पुढं जात नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ती बाकावरनं उठताना तुम्ही बघितलं असणार. तिचा हात गिअरच्या अलीकडेच थांबला. सगळेजण आम्हाला ग्लव्हबॉक्समध्ये देतो म्हणत होते, तिथं तो कधीच पोचला नसता. तुम्ही दातानं काळ्या टेपचा तुकडा तोडलात, बोटं थांबली तिथंच चिकटवलात, आणि मुलाला म्हणालात, "इथनं काढायची."

माझ्या आईच्या हाताच्या मापानं वायर काढली तुम्ही. बाबा गेल्यापासून तिला विचारून अशी गोष्ट कुणी केलेली मला आठवत नाही, आम्ही भाऊ पण तिच्यासाठी सगळं आणतो, करतो, पण आमच्या सोयीनं. घरी गेल्यावर ती पहिलं हेच बोलली, "त्या मिस्त्रींनी माझा हात बघितला रे."

आणि नंतर तो कुईं आवाज. अॅक्सिलरेटर दाबला की वाढायचा, चार्जिंग काढलं की बंद. माझ्या कानाला तर नीट कळतही नव्हता, मी म्हटलं पण, राहू दे मामा, चालतंय. तुम्ही ऐकलं नाही. मुलाला गाडी चालवायला लावून स्वतः मागं बसलात, कान लावून ऐकलंत, परत सगळं खोललंत आणि मधे ती छोटी डबी टाकलीत, अर्थिंगचा आवाज तोडणारी. त्या डबीचे तेवढे पैसे घेतलेत, परत खोलल्याची मजुरी घेतली नाही. "पहिल्यांदाच नीट व्हायला पाहिजे होतं" म्हणालात. एवढी मोठी काचेची शोरूम, एसी, कॉफीचं मशीन, तिथं हे वाक्य मला एकदाही ऐकायला मिळालं नाही, आणि मिळालं ते तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आपल्याकडं काम येणारे लोक खूप आहेत हो, समोरच्याला बघून काम करणारे कमी आहेत. शिकलेला पोरगा माझ्या आईला आउटडेटेडच्या रांगेत बसवून मोकळा झाला, आणि तुम्ही तिला विचारलंत. चांगुलपणाला वेगळा खर्च येत नाही, टेपचा एक तुकडा पुरतो, तरी तो मिळायला किती दारं फिरायला लागतात. तुमच्यासारखे लोक प्रत्येक गावात एक-दोन तरी असतात आणि त्यांच्या नावाचा बोर्ड पण नसतो, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

परवाच्या पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो. आईनं स्वतः लावलं, स्वतः बदललं, जयसिंगपूरच्या पुढं एका भजनाला तर टाळ्या वाजवत होती. रस्ता खराब होता तरी तुम्ही खोलून परत बसवलेला डॅशबोर्ड कुरकुरला नाही, आवाज एकदम स्वच्छ आहे. दिवाळीला भाऊ येतोय, त्याच्या गाडीत पण सॉकेट नाही, घेऊन येतो तुमच्याकडं. आई पण येणार आहे आणि तुमच्या घरच्यांना भेटायचं म्हणतेय, तेव्हा दुपारी जेवायला जाऊ नका मामा, डबा आमच्याकडनं येतोय.