फरीद चिखलात थांबले नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सूफी कवींवरचा लेख काल दोनदा वाचला. पंजाबी काव्याला मराठी वर्तमानपत्रात पानभर जागा मिळाली, याबद्दल आधी मनापासून आभार. पण बाबा फरीदांच्या चौकटीत जे छापले आहे ते काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

चौकटीतला सलोक (दोन ओळींचे पद) असा:

फरीदा गलीए चिकडु दूरि घरु नालि पिआरे नेहु।
चला त भिजै कंबली रहां त तुटै नेहु॥

गल्लीत चिखल, घर लांब आणि जिवलगाशी जडलेली माया. निघावे तर घोंगडी भिजते, थांबावे तर माया तुटते. अर्थ बरोबर दिला आहे. खाली भाष्य मात्र असे की, सूफी कवी हा कायमचा दोहोंत अडकलेला, पाऊल उचलू न शकणारा जीव. हे कुठून आणले? गुरू ग्रंथसाहिबातल्या फरीदांच्या सलोकांत हा चोविसावा आहे. त्याच्या लगेच खाली पंचविसावा आहे:

भिजउ सिजउ कंबली अलह वरसउ मेहु।
जाइ मिला तिना सजणा तुटउ नाही नेहु॥

भिजू दे, चिंब होऊ दे घोंगडी. अल्ला, पडू दे तुझा पाऊस. मी जाऊन भेटेन माझ्या जिवलगांना, माया तुटायची नाही. (इथला 'सजण' म्हणजे आपल्याकडचा सज्जन नव्हे, साजणातला सजण.) आपण प्रश्न छापलात, उत्तर गाळलेत आणि वर कवीला उत्तर सापडत नव्हते असे सांगितलेत. दोन ओळींना जागा नव्हती म्हणावे, तर शेजारी गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचे केवढे मोठे छायाचित्र आहे! ते तर तुर्कस्तानातल्या मेवलेवी या सूफी पंथाचे. फरीद चिश्ती पंथाचे.

मला हे इतके का लागले, ते सांगतो. १९८८ साली मी बँकेच्या नोकरीत पंजाबात बटाल्याला होतो. घरमालकीणबाईंना सगळे बीजी म्हणत. त्यांचे माहेर पाकपट्टणजवळ, म्हणजे जिथे बाबा फरीदांचा दर्गा आहे तिथले. फाळणीत सगळे सोडून आल्या होत्या. पहाटे गुटका, म्हणजे नित्यपाठाची छोटी पोथी, उघडून सलोक म्हणायच्या आणि मी चहा घ्यायला गेलो की एखाद्याचा अर्थ सांगायच्या. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "नामदेवजींच्या मुलखातला?" नामदेवांचा मुक्काम होता ते घुमान बटाल्याहून जवळच. फरीदांचे सलोक ज्या ग्रंथात आहेत त्यातच आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मला त्या चुलीपाशी कळले. तोवर मी नामदेवांना फक्त पंढरपूरच्या पायरीवर ओळखत होतो.

त्या सप्टेंबरात पंजाबात मोठा पूर आला. रावी, बियास, सतलज, तिन्ही नद्या फुगलेल्या. त्यातच सांगलीहून वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. रस्ते पाण्याखाली, गाड्यांचा भरवसा नाही आणि दिवस दहशतवादाचे, अंधार पडल्यावर कोणी घराबाहेर पडत नसे. पाणी ओसरू दे, मग निघू, असे म्हणत मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या सकाळी बीजींनी मला समोर बसवून चोविसावा सलोक म्हटला. मी मान हलवली. मग त्यांनी पंचविसावा म्हटला, माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा पुत्तर." कधी ट्रॅक्टरवर, कधी पायी असा अमृतसरला पोहोचलो. वडिलांची भेट झाली. चार दिवसांनी ते गेले. मी चोविसाव्यावरच थांबलो असतो तर ती भेट झाली नसती.

आता त्याच लेखातली दुसरी चूक, आणि ती लहान नाही. 'मेंडा इश्क वी तूं' ही काफी (सूफींचे गेय पद) याच बाबा फरीदांची म्हणून दिली आहे. बाबा फरीद तेराव्या शतकातले, निजामुद्दीन औलियांचे गुरू. काफी आहे मिठणकोटच्या ख्वाजा गुलाम फरीद यांची, आणि त्यांचा काळ १८४५ ते १९०१. भाषा सराइकी, पंजाबच्या दक्षिण भागातली. नावातला 'फरीद' तेवढा समान, मध्ये सहा शतके. आदिग्रंथ, म्हणजे फरीदांचे सलोक असलेल्या गुरू ग्रंथसाहिबाचे मूळ रूप, १६०४ मध्ये सिद्ध झाला, हे लेखात दिलेच आहे. निदान तेवढ्यावरून तरी कोणाला शंका यायला हवी होती. ज्ञानेश्वरांच्या नावावर केशवसुतांची कविता छापली असती, तर दुपारपर्यंत आपल्या कचेरीत पत्रांचा ढीग लागला असता. पंजाबी कवींसाठी पत्र लिहिणारे इथे थोडे, म्हणून त्यांचे काहीही छापले तरी चालेल असे होत नाही. कसूरच्या बुल्लेशाहांनाही 'उर्दू शायर' केले आहे. त्यांच्या काफ्या पंजाबीत आहेत, त्या पंजाबीच राहू द्याव्यात.

उर्दूचे म्हणाल, तर पानभर दिल्ली आणि लखनौ. ज्यांच्या दीवानाने (काव्यसंग्रहाने) दिल्लीतल्या कवींना उर्दू गझलेची वाट दाखवली, त्या वलींना औरंगाबादी म्हणतात. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी तर तिथलेच, त्यांची कबरही त्याच शहरात. 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन, न जुनूँ रहा न परी रही' ही त्यांची गझल आजही कव्वाल गातात. आपल्या वर्तमानपत्राची एक आवृत्ती त्याच शहरातून निघते, आणि लेखात दोघांच्या नावाचा उल्लेखही नाही.

२०१५ साली साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा याच पुरवणीने नामदेवांच्या पंजाबातल्या मुक्कामावर फार चांगले अंक काढले होते. ती कात्रणे माझ्याकडे अजून आहेत. तेव्हा जमले होते, म्हणून विनंती करतो. दोन फरीदांचा खुलासा छापावा, आणि पंचविसावा सलोक पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावा. मजकूर वर अर्थासह लिहून दिला आहे.

आपला,
एक जुना वाचक, सांगली