पोलिसांना जमलं नाही, ते आपल्या पुरवणीला जमलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत पोर्तुगीज लेखिका मारिया तेरेझा ओर्ता यांना अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. आता आभारापलीकडचं.

तीन लेखिकांनी मिळून लिहिलेल्या 'नवी पोर्तुगीज पत्रं' या पुस्तकातली कुठली पत्रं ओर्ताबाईंची, हे आपल्या लेखकाने शैलीवरून ओळखून बेधडक सांगून टाकलं आहे. धन्य! 1972 मध्ये लिस्बनच्या पोलिसांना नेमकं हेच हवं होतं. तिघींना वेगवेगळं बसवून विचारलं, यातला अश्लील भाग कोणाच्या हातचा? मारिया इझाबेल बारेनु, मारिया वेल्यु द कॉश्ता आणि ओर्ता, एकीनेही सांगितलं नाही. खटला तिघींवर चालला आणि तिथली हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतर, मे 1974 मध्ये, सुटल्याही तिघी. बारेनु 2016 मध्ये गेल्या, वेल्यु द कॉश्ता 2020 मध्ये. मागे राहिलेल्या ओर्ताबाई फेब्रुवारी 2025 मध्ये वारल्या, तोवर अवाक्षर काढलं नाही. आणि आपण चौकटीत छापून मोकळे.

पुस्तक नुसतं चाळलं असतं तरी पुरे होतं. मार्च ते नोव्हेंबर 1971 मधल्या मजकुरांखाली तारीख आहे, नाव नाही. दर आठवड्याला भेटायचं, आणलेलं वाचून दाखवायचं, पुढचा मजकूर आधीच्याला उत्तर म्हणून लिहायचा, अशी रीत. त्यात एकीचा शब्द दुसरी उचलते, तिसरी तो उलटा करून वापरते. शिवाय ज्या जुन्या 'पोर्तुगीज पत्रां'वर हे पुस्तक बेतलंय, ती जिच्या नावावर सांगतात त्या सतराव्या शतकातल्या, बेजा गावच्या ख्रिस्ती जोगिणीचा सूर तिघीही मुद्दाम लावतात. कोणाची शैली ओळखणार?

'सेन्सॉरने छपाई रोखली' हेही चूक. छपाईआधी सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरायची ती वर्तमानपत्रांवर. 1961 पर्यंत गोव्यातली वर्तमानपत्रंही त्याच कात्रीखाली होती. पुस्तक आधी छापून दुकानात यायचं, मग जप्त व्हायचं. हेही एप्रिल 1972 मध्ये रीतसर बाहेर आलं होतं. ते काढायची हिंमत केली कवयित्री-संपादिका नातालिया कुर्रैया यांनी. शृंगारिक कवितांच्या संग्रहापायी त्यांना आधीच शिक्षा झालेली होती. त्यांचं लेखात नावही नाही.

मुळात पत्रंच का, हेही राहिलं. त्या देशात नवऱ्याला बायकोचं टपाल फोडायचा हक्क होता, तो गेला 1976 मध्ये. ही एक ओळ चौकटीपेक्षा कामाची होती.

आणि 'होर्ता' नव्हे, 'ओर्ता'. पोर्तुगीजांचा 'एच' मुका. म्हणून तर आपण 'इस्पितळ' म्हणतो.

जाता जाता, लेखाखालच्या सोलकढीत एका नारळाला आगळ किती, हे छापायचं राहिलं आहे. तेवढं तरी उद्या द्या.

आपला,
एक वाचक, म्हापसा