निक्सन लाजेने गेला नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की अमेरिकेच्या पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षांना निदान लाज तरी होती, वॉटरगेटचा घोटाळा झाला आणि निक्सनने मान खाली घालून खुर्ची सोडली, आणि आजचे ट्रम्प बघा, कोर्टात दोषी ठरले तरी निवडून येतात. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, राग खरा होता, त्यातलं निम्मं मलाही पटलं. पण निक्सनबद्दलचं ते वाक्य दोन दिवस टोचत राहिलं म्हणून लिहायला बसले. निक्सन लाजेने गेला नाही हो. त्याला घालवावं लागलं. आणि कोणी घालवलं, कसं घालवलं हेच आपण विसरलो तर आज जे चाललंय ते का चाललंय हे कसं कळणार?

९ ऑगस्ट १९७४, शुक्रवार होता. मी अकरा वर्षांची. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो, तळमजल्यावर दोन खोल्या. अण्णा एका छापखान्यात कंपोझिटर होते, दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवायचे, अंगठा आणि पहिलं बोट कायम काळं. घरात मर्फीचा रेडिओ होता. वॉशिंग्टनला आदल्या रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा, त्यामुळे इकडे नळाला पाणी आलंय, चौकात बादल्या रांगेत लागल्यात आणि अण्णा रेडिओला कान लावून शॉर्टवेव्हची सुई केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे करतायत. आवाज यायचा, खरखरायचा, मधेच बुडायचा. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून वरच्या मजल्यावरचे काका, ते कॉलेजात शिकवायचे, खाली येऊन बसले होते आणि एकेक वाक्य ऐकून मराठीत सांगत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "देतोय राजीनामा. उद्या दुपारपासून." सगळे एकदम बोलायला लागले. अण्णांनी हाताने सगळ्यांना थांबवलं आणि एवढंच विचारलं, "माफी मागितली का?" काका म्हणाले, "नाही. संसदेत पुरेसा पाठिंबा उरला नाही म्हणून जातोय म्हणतो."

ते भाषण आजही कुणीही वाचू शकतं, आणि खरंच त्यात तेवढंच आहे, काही निर्णय चुकले असतील, कुणाला त्रास झाला असेल तर खेद आहे, पण गुन्ह्याची कबुली म्हणाल तर एक शब्द नाही. पुढे महिन्याभरात, ८ सप्टेंबरला, नवे अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला सरसकट माफी देऊन टाकली, आणि १९७७ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत तोच निक्सन सांगतो की राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतंच. मग लाज होती कुठे?

लाज होती ती आजूबाजूच्या माणसांना. १७ जून १९७२ ला मध्यरात्रीनंतर वॉटरगेट इमारतीतल्या एका सुरक्षारक्षकाला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली, त्याने ती काढली, पुढच्या फेरीला बघतो तर परत लावलेली, मग त्याने पोलिसांना बोलावलं आणि विरोधी पक्षाच्या ऑफिसात पाच जण सापडले, सगळं तिथून सुरू झालं. लक्षात घ्या, त्यानंतर पाच महिन्यांनी निक्सन ४९ राज्यं जिंकून परत निवडून आला होता, म्हणजे लोकांनी तेव्हाही काही लगेच धडा शिकवला नव्हता. मग सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, चौकशी बसली, टीव्हीवर सगळा देश बघत होता, आणि जुलै १९७३ मध्ये व्हाइट हाउसमध्येच काम केलेल्या बटरफील्डने विचारल्यावर सरळ सांगितलं की हो, राष्ट्राध्यक्षाच्या ऑफिसातलं बोलणं टेप होत असतं. तो म्हणू शकला असता की मला आठवत नाही.

आणि २० ऑक्टोबर १९७३ चा शनिवार. टेप मागणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला, कॉक्सला, काढून टाका असा हुकूम निक्सनने ॲटर्नी जनरल, म्हणजे तिकडच्या कायदा खात्याचा प्रमुख, रिचर्डसनला दिला. रिचर्डसन निक्सनच्याच पक्षाचा, निक्सननेच नेमलेला. पण नेमणुकीच्या वेळी त्याने सिनेटला शब्द दिला होता की या तपासात ढवळाढवळ होऊ देणार नाही. त्याने हुकूम पाळला नाही, राजीनामा दिला. त्याच्या खालचा रकलहाऊस, त्यानेही नाही म्हटलं, तोही गेला. तिसऱ्याने अखेर सही केली आणि कॉक्सला काढलं. पण एका संध्याकाळी दोन माणसांनी आपली नोकरी, पद, पुढची सगळी कारकीर्द टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मला आजही ते वाचताना भरून येतं.

त्यानंतर कोर्ट. २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने टेप द्याव्याच लागतील असा निकाल दिला, ८ विरुद्ध ०. त्या आठातले तीन न्यायमूर्ती निक्सनने नेमलेले होते आणि निकाल लिहिला तोही त्याने नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांनी. मग २३ जून १९७२ ची टेप बाहेर आली, ज्यात निक्सन आपल्या माणसाला सांगतोय की सीआयए या गुप्तहेर संस्थेला पुढे करून एफबीआय या तपास यंत्रणेचा तपास थांबवा, आणि दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, त्याच्याच पक्षाचे तीन बडे नेते, गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स, त्याला भेटायला गेले. राजीनामा द्या असं तिघांपैकी कुणीही म्हणालं नाही. त्यांनी फक्त आकडा सांगितला, की सिनेटमध्ये खटला गेला तर तुमच्या बाजूने शंभरांपैकी वीससुद्धा मतं नाहीत, आणि वाचायला ३४ लागतात. दुसऱ्या दिवशी रात्री ते भाषण झालं.

आता आजचं बघू. फेब्रुवारी २०२० मध्ये युक्रेन प्रकरणात (राजकीय विरोधकाची चौकशी करा म्हणून युक्रेनवर दबाव टाकल्याचा आरोप) सिनेटचं मतदान झालं तेव्हा ट्रम्प यांच्या पक्षातून फक्त एक माणूस विरोधात गेला, मिट रॉम्नी, आणि स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवणारा तो अमेरिकेच्या इतिहासातला पहिला सिनेटर. पहिला! ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर जमाव चालून गेला, त्यानंतरच्या खटल्यात ५७ जणांनी दोषी म्हटलं, त्यात सात त्यांच्याच पक्षाचे होते, पण लागतात दोन तृतीयांश म्हणजे ६७, त्यामुळे सुटले. आणि खालच्या सभागृहात ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या ज्या दहा जणांनी विरोधात मत दिलं होतं त्यांचं काय झालं ते बघा, चार जण पुढची निवडणूक लढलेच नाहीत, चार पक्षांतर्गत निवडणुकीत पडले, दोन तेवढे टिकले. पडलेल्यांत लिझ चेनी होत्या, ज्यांचे वडील त्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष होते.

खरी गोम इथे आहे असं मला वाटतं. तिकडे तिकीट आपल्यासारखं हायकमांड देत नाही, पक्षाचे मतदार प्रायमरीत मत देऊन ठरवतात. म्हणजे सिनेटरला भीती विरोधकाची नाही, आपल्याच घरच्या मतदाराची. १९७४ च्या ऑगस्टपर्यंत गॅलपच्या पाहणीत निक्सनची पसंती २४ टक्क्यांवर आली होती, त्याच्या पक्षाचे मतदारच हलले होते, म्हणून गोल्डवॉटरला तो आकडा तोंडावर सांगता आला. आज मतदार हलत नाहीत, म्हणून नेते हलत नाहीत.

आणि हे फक्त एका पक्षाचं नाही, तेही सांगायला पाहिजे. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्यावर शपथेवर खोटं बोलल्याचा खटला चालला तेव्हा त्यांच्या पक्षाच्या ४५ डेमोक्रॅट सिनेटरांपैकी एकानेही दोषी म्हटलं नाही. बायडन यांनी कोर्टात दोषी ठरलेल्या आपल्या मुलाला माफी देणार नाही असं सांगितलं होतं आणि १ डिसेंबर २०२४ ला दिली. मला क्लिंटनचं आणि वॉटरगेटचं प्रकरण एका तागडीत घालायचं नाहीये, ती सारखी नाहीतच, पण आपला माणूस म्हणून डोळे मिटायची सवय दोन्हीकडे आहे.

कोर्टाचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १ जुलै २०२४ ला त्याच सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाला त्याच्या अधिकृत कामांबद्दल फौजदारी खटल्यापासून संरक्षण आहे, आणि ५ विरुद्ध ४ असं हेही ठरवलं की अशा संरक्षित कामांचा पुरावासुद्धा त्याच्याविरुद्ध वापरायचा नाही. त्या सहातले तीन ट्रम्प यांनी नेमलेले. निक्सनने नेमलेले तीन आणि ट्रम्प यांनी नेमलेले तीन, शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या २३ जूनच्या टेपमध्ये राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकाऱ्याशी सीआयए आणि एफबीआयबद्दल बोलत होता. आज तेच बोलणं अधिकृत कामकाज म्हणून झाकलं जाऊ शकतं असं तिकडचे कायद्याचे जाणकार म्हणतात.

३१ मे २०२४ ला सकाळी उठले तर न्यूजर्सीहून मुलीचा मेसेज होता, "३४ पैकी ३४." न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना धंद्याच्या नोंदी खोट्या केल्याच्या सगळ्या ३४ आरोपांत दोषी धरलं होतं, एका अभिनेत्रीला गप्प बसण्यासाठी दिलेल्या १,३०,००० डॉलरचं ते प्रकरण. माजी राष्ट्राध्यक्ष फौजदारी गुन्ह्यात दोषी, अमेरिकेत पहिल्यांदाच. मी लगेच फोन लावला, म्हटलं काय म्हणतायत गं लोक? ती म्हणाली, "काही नाही गं आई, ज्याला जे वाटत होतं तेच वाटतंय, ऑफिसात तर कुणी विषयसुद्धा काढत नाही." पाच महिन्यांनी ते निवडून आले, जानेवारी २०२५ मध्ये दोषी ठरल्याची नोंद कायम ठेवून कोर्टाने काहीच शिक्षा दिली नाही, आणि त्यांनी अपील केलंय. त्या फोननंतर मला अण्णांचा प्रश्न आठवला, आणि माझ्या लक्षात आलं की मी मुलीला ट्रम्प काय म्हणाले हे विचारलंच नव्हतं, लोक काय म्हणतायत हे विचारलं होतं.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. "महाभियोग मंजूर" असा मथळा वाचला की इथल्या निम्म्या लोकांना वाटतं की गेला, खुर्ची गेली. तसं नसतं, खालचं सभागृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, तो महाभियोग, आणि काढायचं की नाही ते सिनेट दोन तृतीयांश मतांनी ठरवतं. ॲण्ड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये, क्लिंटन १९९८ मध्ये, ट्रम्प २०१९ आणि २०२१ मध्ये, एवढ्यांवरच महाभियोग झाला आणि एकालाही सिनेटने काढलेलं नाही. निक्सनवर तो झालाच नाही, समितीने ठराव मंजूर केले होते, सभागृहात मतदान व्हायच्या आधी तो गेला. त्या गृहस्थांच्या पत्रात "महाभियोगाने पायउतार" असं छापलंय, तेवढी दुरुस्ती जरूर करा. आणि दर लफड्याला "गेट" जोडणं थांबवा, ते एका इमारतीचं नाव आहे.

आणखी एक विनंती. तिकडचं असो की आपल्या मंत्रालयातलं, घोटाळ्याची बातमी देताना आरोप झालेला माणूस काय म्हणाला याची चौकट असतेच, तिच्या शेजारी त्याच्याच पक्षातलं कोण काय म्हणालं आणि कोण गप्प बसलं तेही नावानिशी छापत जा, रोज.

अण्णा गेल्यावर ट्रंकेत त्यांची कात्रणं सापडली. हेलिकॉप्टरच्या दारात दोन्ही हात वर केलेला निक्सनचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, मला वाटलं तोच असेल. तो नव्हता. अण्णांनी जपून ठेवलेलं कात्रण त्या तिघांचं होतं, गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स, निक्सनला भेटून बाहेर आलेले, पुढ्यात माईक, आणि कडेला अण्णांच्या शाईच्या बोटाचा ठसा.

आपली नम्र,
एक जुनी वाचक,
कोथरूड, पुणे ३८