शुक्रावरची याने आम्लात विरघळली नाहीत

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला शुक्रावरचा मजकूर वाचून राहवले नाही. ‘आम्लाच्या पावसात सोव्हिएत याने विरघळली’ हे वाक्य तुम्ही ठळक चौकटीत छापले आहे. ते साफ चूक आहे.

गंधकाम्लाचे ढग शुक्रावर आहेत, पण जमिनीपासून सुमारे ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर. त्यातून सुटलेले थेंब खालच्या उष्णतेने वाटेतच विरतात, जमिनीवर पोहोचतच नाहीत. याने बंद पडली ती उष्णतेमुळे. १ मार्च १९८२ रोजी उतरलेले सोव्हिएत यान व्हेनेरा १३ घ्या. बाहेर ४५७ अंश सेल्सिअस, दाब पृथ्वीच्या जवळजवळ ९० पट. म्हणून उपकरणे टायटॅनियमच्या गोळ्यात ठेवलेली, वर उष्णतारोधक थर, वातावरणात शिरण्यापूर्वीच आतला भाग थंड केलेला आणि सोबत लिथियम नायट्रेटचा क्षार, जो वितळताना उष्णता शोषतो. तो सगळा वितळला की आतले तापमान चढते आणि इलेक्ट्रॉनिक्स दगा देते. ३२ मिनिटांसाठी बांधलेले हे यान १२७ मिनिटे चालले! तेवढ्यात त्याने ड्रिलने खडक पोखरला, चुरा आत ओढून क्ष-किरणांनी तपासला. निघाला बेसाल्ट, पोटॅशियम जास्त असलेला. आपली अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या खडकाची, त्याच कुळातला. मुंबईच्या मुलांसाठी लिहिताना हे सुटावे, याचे फार वाईट वाटते.

दोष आम्लाचा की उष्णतेचा, यावर पुढचा इलाज ठरतो. आम्लच मारक असते तर बाहेरून लेप देऊन भागले असते. प्रत्यक्षात नासाच्या ग्लेन केंद्राने उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या चिप बनवल्या आणि शुक्रासारख्या वातावरणात त्या ५२१ तास चालवून दाखवल्या.

तक्त्यात शुक्राचे तापमान म्हणून दिलेले ‘९०० अंश सेल्सिअस’ही चुकले आहे. तो आकडा फॅरनहाइटचा, ढोबळमानाने. सेल्सिअसमध्ये एवढी उष्णता असती तर ६६० अंशांना वितळणारे ॲल्युमिनियमसुद्धा तिथे टिकले नसते. आणि छायाचित्रातले खडक नारिंगी नाहीत. दाट हवा निळा प्रकाश अडवते, म्हणून तसे दिसतात. रंग दुरुस्त केला की तेच खडक राखाडी दिसतात.

शाळकरी मुले ही पुरवणी कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत द्यावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी कोणी वाचत नाही.

— एक नियमित वाचक, मुलुंड, मुंबई